दौंडच्या दांड्याला निळा रंग

ये गं सुमन, इकडं ये. अशी उंबऱ्यापाशी पाहुण्यासारखी उभी राहू नकोस, माझ्या शेजारी टेक. आधी तुला बोलून घेते, बाकीचं मग. छातीत जळजळतंय, पित्त झालंय, असं म्हणत कुणी इतके दिवस काढतं का? सोडा पिऊन शिडीवर चढतं का? दत्तू भाऊजी दवाखान्यात चल म्हणून मागं लागले, तर तू त्यांना म्हणालीस, "दवाखान्याच्या काचा मंगळवारी हायत, तवाच दाखवते की." काचा पुसायला जायचंच आहे, तर जाता जाता छातीही दाखवू! एका खेपेत दोन कामं उरकायची, ही तुझी जन्माची खोड. आणि सोमवारीच निघून गेलीस. दवाखान्याच्या काचा तुझ्याकडून राहिल्याच. आता मी तुझी थोरली जाऊ, मी नाही रागवायचं तर कुणी रागवायचं?

रागावून झालं. आता तुझ्याकडं बघवत नाही, ते का, ते सांगते. पण मला सरळ सांगता येत नाही, तुला माहीत आहे. पहिल्यापासून सांगू दे.

शिरूरच्या रस्त्यावरचं ते साड्यांचं दुकान आठवतं? तू साडी घ्यायला गेली होतीस आणि बाहेरच उभी राहिलीस. शेठ म्हणाले, "या की आत." तू म्हणालीस, "आत कशाला? भायेरनं साडी दिसंना, नुसती धूळच दिसती." शेठ चिडले. "मग पूस की तूच!" त्यांना वाटलं, बाई गप बसेल. तू त्यांच्याकडूनच बादली मागून घेतलीस आणि पुसलीस. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेलीस. बाजाराचा दिवस होता, निम्मे पाहुणे गावात. मी पदर नाकापर्यंत ओढून खालच्या काचा पुसत होते. लोकांच्या काचा पुसायच्या म्हणजे काय, आपल्यात कधी कुणी केलं नव्हतं. आणि तू वर शिडीवरून ओरडत होतीस, "काय मामा, कुनीकडं? जरा इकडं बघा, तुमच्यासाठी आरसा केलाय!" मामा खरंच थांबले आणि काचेत बघून त्यांनी पटका नीट केला. मी पदराच्या आत हसले, ते तुला वरून कळलं नाही.

मग आपण शिकत गेलो. बोअरच्या पाण्यानं पुसलं की काच वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात, हे दोन दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्यावर कळलं. मग जारचं पाणी. धोतराचं जुनं फडकं. रबराचा वायपर वरून खाली एका दमात ओढायचा, मध्ये थांबायचं नाही. आणि शेवटी खालचा डावा कोपरा. तिथं पाणी साचतं, तिथं वायपर पोचत नाही, तो कोपरा बोटाला फडकं गुंडाळून पुसायचा. तू म्हणायचीस, "आक्का, गिऱ्हाईक सगळी काच बघत न्हाई. कोपरा बघतं."

काम वाढलं. हायवेला गाड्यांची शोरूमं झाली, बँका आल्या, कंपन्यांची ऑफिसं काचेची झाली. दौंडला भाऊजींची बदली झाली तर तू तिकडंही बादली घेऊन फिरायला लागलीस. तेव्हा आपलं भांडण सुरू झालं, ते काही मिटलंच नाही.

मी म्हटलं, "रोजानं बाया लावू. सकाळी हजेरी घ्यायची, संध्याकाळी सुट्टी. नाव आपलं, काम आपलं."

तू म्हणालीस, "आक्का, तुमच्या बापानं कवा रोजानं गडी लावून मेंढरं राखली का?"

"त्याचा आन् काचंचा काय संबंध?"

"हाय की. तळ आठवा."

आपण दोघी तळावरच्याच. ही पोरं आता विचारतात, तळ म्हणजे काय, तर सांगावं लागतं. मेंढरं घेऊन पाच-सहा घरं एकत्र निघायची, ज्या शेतकऱ्यानं बोलावलं त्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याला खत मिळायचं, आपल्याला धान्य. वाट ठरवायला एक म्होरक्या. पण मेंढरं ज्याची त्याची. कुणाच्या मेंढराला कपाळावर तांबडा गेरू, कुणाच्याला पाठीवर निळा पट्टा. दुसऱ्या तळाला बोलावलेल्या रानात आपलं मेंढरू घालायचं नाही. म्होरक्या कुणाला पगार देत नव्हता आणि कुणी त्याचा नोकर नव्हता, तरी सगळे एका वाटेनं जायचे.

"तसंच करू," तू म्हणालीस. "हरेकीला तिची हद्द देऊ. कोरेगावची गिऱ्हाइकं कोरेगावच्या बाईची. पाबळची पाबळवालीची. नाव एक, काम करायची रीत एक, फडकी-रबर आपण सगळ्यांसाठी एकदम आणू, त्यासाठी सगळ्याजणी थोडंथोडं टाकतील. बाकी जिची हद्द, ती धनीण."

माझा थोरला म्हणाला, "काकू, ह्याला फ्रँचायझी म्हणतात. मोठ्या कंपन्या करतात."

तू म्हणालीस, "करू दे की. आपल्याला सांगायला उशीर झाला त्यांना."

वायपर टेम्पोत एकमेकांत मिसळायला लागले, म्हणून तू दांडे रंगवून घेतलेस. मी माझ्या बापाचा तांबडा घेतला. तू निळा. ऑइलपेंटचा डबा घेऊन तू दारात बसली होतीस, नाकाला निळा लागला होता तो आठवडाभर निघाला नाही. तशीच लग्नाला गेलीस.

मी ऐकलं तुझं, पण मनातून नाही. का ते आता सांगते, कारण तुझ्यापुढं झाकून काय करायचं? मला मालकीण व्हायचं होतं गं. चार बायांनी सकाळी दारात येऊन "आक्का, आज कुठं जायचं?" विचारावं, असं वाटायचं. आयुष्यभर कुणी मला विचारून कुठं गेलं नव्हतं. आणि तुझ्या पद्धतीत खोट होतीच, ती मी तुला दाखवत होते. कोरेगावची मंगल. तिनं आळस केला, बोअरचं पाणी वापरलं, शोरूमच्या काचेवर ठिपकेच ठिपके. मालकानं आपल्या सगळ्यांचं नाव घेतलं. मी म्हटलं, "रोजाची असती तर उद्यापासून येऊ नको म्हटलं असतं. आता काय करायचं?" तू बसनं कोरेगावला गेलीस, मंगलच्या शेजारी उभी राहिलीस आणि सगळी काच तिच्याकडून परत पुसून घेतलीस. ती रडत होती, तू तिला मामा आणि पटक्याची गोष्ट सांगत होतीस. परत आल्यावर मला म्हणालीस, "आक्का, कळपातलं मेंढरू लंगडलं तर म्होरक्या काय करतो? सगळ्यांची चाल कमी करतो."

मी म्हटलं, "अशानं सगळाच तळ मागं राहतो."

"ऱ्हाईल. पन तळ ऱ्हाईल."

 

शेवटचा फोनही ह्याच भांडणाचा. तुझी दौंडची हद्द फार मोठी झाली होती. तुझ्यासोबत काम करणारी रीटा, ती युपीकडची, जिचा नवरा कुरकुंभच्या कंपनीत आहे, तिला तू स्टेशनकडची बाजू द्यायचं म्हणत होतीस. "आक्का, ती तयार झालीय. माझ्यापेक्षा चांगला कोपरा काढती. आन् माझ्यानं आता एवढं व्हईना. आज ना उद्या सगळंच दौंड तिला देनार हाय. तुम्ही व्हय म्हना." मला ते नको होतं. परगावची बाई, उद्या गावाला निघून गेली तर? आणि खरं सांगू? तू थकलीस की दौंड माझ्याकडं येईल, असं मी मनात धरून बसले होते. म्हणून म्हटलं, "थांब, दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवला.

गॅसवर दूध नव्हतं, सुमन. गॅस बंद होता.

'माझ्यानं व्हईना' हे तू म्हणालीस, ते मी ऐकलंच नाही. फोन ठेवायचं निमित्त शोधत होते.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं. तुझा दहावा. दौंडला नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. आपल्याकडं माईकशिवाय माणूस जातच नाही. महाराजांचं प्रवचन झालं. मग पुढारी श्रद्धांजली वाहायला उठले. एकानं तुला 'कर्तृत्ववान माता' म्हटलं, एकानं तुझं नाव सुमित्रा केलं. मग कुणीतरी म्हणालं, "हिराआक्कांनी दोन शब्द बोलावेत." मला बोलायला किती आवडतं, तुला ठाऊक. माईक हातात आला. मी रडले, खरंच रडले. साडीच्या दुकानाची गोष्ट सांगितली, लोक हसले, रडले. आणि लोक ऐकतायत म्हटल्यावर मला थांबताच आलं नाही. मी म्हटलं, "सुमनचं काम बंद पडू देणार नाही. दौंडचं सगळं आता मी बघणार. रोजानं बाया लावीन, पण तिचं नाव चालवीन."

लोकांनी माना डोलावल्या. आवाज पाण्यावरून पलीकडं गेला आणि परत आला. मला माझंच बोलणं परत ऐकू आलं.

रीटा मागं उभी होती. मला दिसली. पाण्याचे ग्लास वाटत होती, त्यातला एक तिनं स्वतःच पिऊन टाकला आणि ट्रे खुर्चीवर ठेवून निघून गेली.

एवढ्या वर्षांचं आपलं भांडण मी जिंकले, सुमन. समोर कुणी नव्हतं म्हणून जिंकले. तुझ्या दहाव्याला, तुझ्या फोटोपुढं, माईकवर.

जेवणं झाल्यावर आबांनी हाक मारली. आपले चुलत सासरे, आता त्यांना धरून उठवावं लागतं, कानाला मशीन आहे पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकतात.

"हिरा, माईकवरचं ऐकलं."

"व्हय आबा."

"एक सांग. दौंडच्या दांड्याला रंग कुठला लावनार?"

"रंगाचं काय आबा, कुठला बी लावीन."

"कुठला बी कसा लावशील? निळा ठेवलास तर धनी कोन? आन् तुझा तांबडा लावलास तर ती मेंढरं कुनाची व्हती?"

मी खरकटी पत्रावळ उचलायच्या निमित्तानं उठले. तुला मी एकदाच सांगितलं होतं, ते आबांना पहिल्यापासून माहीत होतं. माझा बाप वाटेवरच गेला, तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. तळाचा म्होरक्या तेव्हा हेच आबा. आई मला घेऊन मामाकडं जाऊन पडली होती, मेंढरांकडं बघायचं तिला भान नव्हतं. आबांनी तो सगळा हंगाम आमची मेंढरं आपल्या मेंढरांबरोबर चारली. परतीच्या वाटेवर आईच्या दारात आणून सोडली. मधल्या काळात मेंढ्या व्यायल्या होत्या, ती कोकरंही सोडली. प्रत्येकाच्या कपाळाला गेरू. माझ्या बापाचा तांबडा. म्होरक्यानं आपला रंग एकालाही लावला नव्हता. आई म्हणाली, "ही कोकरं तर तुमच्या हातची." आबा म्हणाले, "हात माझा. मेंढरू तुमचं."

त्या कोकरांवर मी वाढले. आणि माईक हातात आल्यावर ते विसरले.

पण तेवढ्यानंही माझे डोळे उघडले असं समजू नकोस. माझा हट्ट तुला माहीत आहे. तेरावं झालं आणि मी बादली, फडकी, तांबड्या दांड्याचा वायपर घेऊन दौंडची एसटी धरली. रस्त्याला उसाचे ट्रक, बस सरकत नव्हती, मी मनात गिऱ्हाइकांशी बोलायचं ठरवत होते. स्टेशनजवळ त्या चष्म्याच्या दुकानापाशी उतरले, आणि बघते तर काच लख्ख. मी खाली वाकून डावा कोपरा बघितला. तोही.

दुकानदार आतून म्हणाले, "काय मावशी, चष्मा दाखवू?"

"न्हाई, काच कुनी पुसली?"

"रीटाताई. नेहमीप्रमाणं."

ती पुढच्या दुकानाशी शिडीवर होती. हातात तुझा निळा दांडा. मी खाली जाऊन उभी राहिले. तिनं बघितलं आणि वायपर थांबवला नाही. एका दमात खाली आणला.

"कुनी सांगितलं गं तुला काम करायला?"

"किसी ने नहीं." वरूनच बोलली. "दीदी बोलली होती. माणूस गेला तर त्याची बकरी भुकी नाही ठेवायची. तुमच्यात असतं म्हणे असं."

"बकरी न्हाई. मेंढरं," मी म्हटलं. त्या वेळी मला तेवढंच सुचलं बघ.

"हां, वही. चरा रही हूँ." मग ती खाली उतरली. बुटकी, तुझ्या खांद्याला लागायची, पण माझ्यापुढं अशी उभी राहिली की मीच मान खाली घातली. "आक्का, एक बात बोलू? तुम्ही माईकवर रडली ना, मला पण लई रडू आलं. मग तुम्ही बोलली, बाई ठेवणार रोजपे. माझं रडूच बंद झालं. मैं किसी की रोजवाली नहीं हूँ. ये लो." आणि तिनं निळा दांडा माझ्यापुढं धरला. "ठेवा तुमची बाई. पण तिला सांगा, दवाखान्याची काच मंगळवारी असते. दीदी गेल्यापासून एक पण मंगळवार नाही चुकला."

सुमन, मला वाटलं, रस्ता दुभंगावा. तुझ्या दवाखान्याच्या काचा पुसायला ती गेली होती. मला त्या आठवल्याही नव्हत्या. तुझी गिऱ्हाइकं किती, हे मला आठवत होतं.

मी दांडा घेतला नाही. मी शिडीचे पाय धरले आणि म्हटलं, "चढ. वरचं ऱ्हायलंय." तिनं दांडा मागं घेतला. मग चढली. सबंध बाजारपेठ संपेपर्यंत मी शिडी धरली. येणारेजाणारे बघत होते. ह्या खेपेला पदर नाकापर्यंत ओढावासा वाटला तो काचेसाठी नव्हे. तरी ओढला नाही. म्हटलं, बघू देत.

दुपारी भाऊजींकडं चहा घेतला. ते म्हणाले, "वहिनी, सुमननं रीटाचं मला सांगितलं होतं. तुम्ही माईकवर बोललात, मला वाटलं तुमचं दोघींचं काहीतरी ठरलं असेल." चांगला माणूस आहे गं. माझा खोटेपणाही त्यानं तुझ्या-माझ्या विश्वासावर जमा केला.

रीटाला मी तिथंच सांगितलं, हद्द तुझी. तर ती म्हणते, "माईकपे लिया, चाय पे वापस?" बरोबर आहे तिचं. म्हणून येत्या रविवारी सगळ्याजणींना दौंडला बोलावलंय. कोरेगावची मंगल येणार, पाबळची येणार. आबांना गाडीतून आणणार आहे. मी सगळ्यांपुढं उभी राहून म्हणणार, की दौंड सुमनचं होतं, सुमननं ते रीटाला दिलं, आणि मी मध्ये पडले ते चुकले. माईक नाही ठेवला. माईकपासून मी आता लांबच बरी. रीटानं तिचा रंग निवडलाय, पिवळा. निळा नको म्हणाली. "वो दीदी का है." तुझा दांडा तिनं भाऊजींकडं परत केला, तो त्यांनी मला दिलाय. तो माझ्या खिडकीपाशी उभा करून ठेवलाय, आणि रोज सकाळी चहा पिताना तो माझ्याकडं बघतो.

आता तू म्हणशील, आक्का सुधारल्या. नाही गं. भांडण अजून तसंच आहे. मंगलनं परवा परत बोअरचं पाणी वापरलं, परत ठिपके, परत मालकाचा फोन मला. तिला काढायचं नाही, म्हणतेस. रागवायचं नाही, म्हणतेस. मग करायचं काय? तू गेलीस तशी मी बसनं जाईन, तिच्या शेजारी उभी राहीन, पण पटक्याची गोष्ट मला तुझ्यासारखी सांगता येत नाही, मी मध्येच हसते. आणि तळ मागं पडला तर? ह्याचं उत्तर तू द्यायचं होतंस, ते न देता गेलीस. मी एकटीनं दोन्ही बाजूंनी भांडते हल्ली. दोन्हीकडून मीच हरते.

म्हणून म्हणते, अशी नुसती मनात नको, शिरूरला खरीखुरी ये एकदा. रविवारी दौंडला जमलं तर तिथंही ये, मागं उभी राहा, पण घरी निवांत ये. काय म्हणत होतीस ते पहिल्यापासून परत म्हण, 'माझ्यानं व्हईना' तेही म्हण, मी मध्ये बोलणार नाही. ये लवकर, सुमे. ह्या खेपेला माझं गॅसवर दूध नाही.